थ्री-चेकमध्ये काळ्या मोहऱ्यांनी हल्ला: ई६ पासून तिसऱ्या चेकपर्यंत

थ्री-चेक हा बुद्धिबळाचा प्रकार लिचेस या साइटवर आहे, चेस डॉट कॉमवरही आहे, आणि नियम एका ओळीत संपतो: समोरच्या राजाला जो आधी तीन वेळा चेक (शह) देईल तो जिंकला. बाकी सगळं नेहमीसारखंच, मोहऱ्या तशाच चालतात, मात दिली तरी जिंकता, चेक बसला तर त्यातून बाहेर यावंच लागतं. पण या एका नियमाने खेळ इतका बदलतो की नेहमीच्या बुद्धिबळात चांगला खेळणारा माणूस इथे पहिले काही डाव दहा-बारा चालींत हरतो, आणि काळी मोहरी असतील तर त्याहून लवकर. कारण बहुतेक नवीन लोक काळ्याने खेळताना असं धरून चालतात की पांढरा हल्ला करणार आणि आपण आधी सावरून घ्यायचं, मग बघू. या खेळात ते "मग बघू" येतच नाही. माझं म्हणणं अगदी सरळ आहे, काळ्याने पहिल्या चालीपासून स्वतःच्या चेकचा रस्ता उघडायचा, आणि त्यासाठी सगळ्यात चांगली चाल आहे ई६, म्हणजे राजासमोरचं प्यादं एक घर पुढे. का ते खाली नीट चाली लावून दाखवतो, बोर्ड समोर उघडून ठेवा आणि प्रत्येक चाल हलवून बघा, नुसतं वाचून डोक्यात बसणार नाही.

आधी चेकची किंमत समजून घ्या

तिसरा चेक दिला की डाव तिथेच संपतो. तुमचा वजीर पुढच्या चालीत फुकट मारला जाणार असला तरी काही फरक पडत नाही, कारण पुढची चाल येणारच नाही. हे वाक्य वाचायला सोपं आहे पण डोळ्यांना सवय लागायला वेळ लागतो, कारण आपण वर्षानुवर्षं "त्या घरावर जोर आहे, तिथे वजीर नेता येत नाही" असं शिकलेलो असतो. तिसऱ्या चेकच्या वेळी जोर बघायचाच नाही, चेक पोचतो का एवढंच बघायचं.

पहिला चेक मात्र वेगळा. त्याच्यासाठी वजीर द्यायचा नाही, हत्तीही नाही. फुकट मिळाला किंवा एखादी चाल खर्च करून मिळाला तर घ्यायचा. दुसरा चेक महाग असतो आणि त्यासाठी उंट किंवा घोडा द्यायला हरकत नाही, पण एका अटीवर, की तिसरा कुठून येणार ते तुम्हाला आत्ता दिसतंय. दोन चेक झाल्यावर समोरच्याची अवस्था अशी होते की त्याला दर चालीला चेकचं प्रत्येक घर बंद ठेवावं लागतं, आणि वजीर मोकळा असला तर अशी घरं पाच-सहा असतात. तिथे तो कुठेतरी चुकतोच.

ई५ का नको

पांढऱ्याने ई४ खेळलं की हात आपोआप ई५ कडे जातो. थ्री-चेकमध्ये यानंतरची सगळ्यात साधी इटालियन मांडणी काळ्याला कशी मारते बघा: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५ (आकडा चालीचा, आधी पांढऱ्याची चाल मग काळ्याची, आणि नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल). नेहमीच्या बुद्धिबळात हे रोजचं आहे. इथे ४. उंट एफ७ वरचं प्यादं मारतो, चेक एक. राजाने उंट मारला तर ५. घोडा ई५ वरचं प्यादं मारतो, चेक दोन. आता काळ्याने घोडा मारला तर वजीर एच५ ला येऊन तिसरा चेक. राजा ई८ ला गेला तरी वजीर एच५. एफ८ ला गेला तर वजीर एफ३. ई६ ला आला तर वजीर जी४. ई७ ला गेला तर घोडाच सी६ वर मारून चेक देतो. सगळीकडे डाव संपला, सहा चालींत. चौथ्या चालीला राजाने उंट मारलाच नाही तर डाव लगेच संपत नाही, पण एक प्यादं गेलं, एक चेक बसला आणि कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) पण गेलं.

मुळात दुखणं एफ७ चं आहे, ते घर फक्त राजा राखतो. ई६ वर प्यादं ठेवलं की सी४ वरच्या उंटाचा एफ७ कडे जाणारा तिरका रस्ता बंद होतो, आणि त्याच एका चालीने काळ्याचे दोन रस्ते उघडतात: एफ८ चा उंट बी४ ला जाऊ शकतो आणि डी८ चा वजीर एच४ ला. बचाव आणि हल्ला एकाच प्याद्याने होतो, म्हणून मला ही चाल एवढी आवडते.

मुख्य हत्यार: १. ई४ ई६ २. डी४ उंट बी४

ज्यांनी फ्रेंच डिफेन्स, म्हणजे नेहमीच्या बुद्धिबळातली ई६ ची सुरुवात, पाहिलाय त्यांना १. ई४ ई६ २. डी४ ही ओळ पाठ असते. १८३४ साली पॅरिस आणि लंडन यांच्यात पत्राने डाव खेळले गेले होते, त्यात पॅरिसवाल्यांनी ई६ खेळलं आणि तेव्हापासून ते नाव चिकटलं. त्या फ्रेंचमध्ये काळा दुसऱ्या चालीला डी५ खेळतो. थ्री-चेकमध्ये ते डी५ म्हणजे मोठी चूक, कारण डी७ चं प्यादं हललं की पांढऱ्याचा उंट बी५ ला येऊन फुकट चेक देतो, आणि तुमची स्वतःची जिंकणारी चाल हातातून जाते ती वेगळीच.

ती जिंकणारी चाल म्हणजे २... उंट बी४ (आकड्यानंतर तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल), चेक एक. पांढऱ्याने डी-प्यादं हलवलंय म्हणून बी४ पासून ई१ पर्यंतचा तिरका रस्ता उघडा आहे. इथून पांढऱ्याकडे जे काही आहे ते एकेक करून बघू, कारण सगळी मजा यातच आहे.

सगळ्यात जास्त वेळा लोक ३. सी३ खेळतात, उंटाला प्याद्याने हाकलायचं म्हणून. नेहमीच्या बुद्धिबळात बरोबर. इथे ३... उंट सी३ वरचं प्यादं मारतो, चेक दोन. पांढरा घोड्याने मारतो किंवा बी-प्याद्याने मारतो, दोन्ही सारखंच. आणि आता तुम्ही शांतपणे ४... वजीर एच४ खेळता. चेक नाही, काही मारलेलं नाही, एक अख्खा उंट कमी आहे, आणि तरी पांढरा हरलेला आहे. कारण दोन धमक्या एकदम आहेत. पहिली, वजीर एफ२ वरचं प्यादं मारून राजाच्या शेजारी जातो, तिसरा चेक. दुसरी, वजीर ई४ वरचं प्यादं मारतो आणि ई-फाइल (ई ची उभी रांग) उघडी असल्यामुळे तोही चेक. पांढऱ्याने जी३ खेळून एफ२ चा रस्ता अडवला तर वजीर ई४. घोडा एफ३ ला आणून वजिरावर हल्ला केला तर वजीर एफ२, राजा मारेल म्हणून घाबरायचं नाही, डाव संपलाय. उंट किंवा वजीर ई२ ला आणून ई-फाइल बंद केली तरी एफ२. राजा ई२ ला गेला तर वजीर ई४. वजीर एच५ ला आणून वजिरावर वजीर घातला तरी तुम्ही त्याच्याकडे बघायचं पण नाही, एफ२ मारायचं. आणि पांढऱ्याला स्वतःचा एकही चेक देता येत नाही, कारण तुमची डी७ आणि एफ७ ची प्यादी जागेवर आहेत. म्हणूनच राजा ई८ वर आहे तोपर्यंत ती हलवायची नाहीत, हे पुढेही लक्षात ठेवा.

३. उंट डी२ खेळला तर अजून सोपं. उंटाने उंट मारायचा, चेक दोन, आणि इथे तर काही दिलंच नाही, बरोबरीची मारामारी झाली. राजाने उंट मारला तर वजीर जी५ ला, लगेच तिसरा चेक. घोड्याने किंवा वजिराने मारला तर परत वजीर एच४ आणि त्याच दोन धमक्या. वजिराने मारल्यावर राजाला डी१ चं घर मोकळं होतं, तिकडे पळाला तर वजीर जी४, ई२ मधून तिरका चेक जातो, संपलं.

३. घोडा सी३ किंवा घोडा डी२ खेळला तरी पाठ तोच, उंटाने घोडा मारून दुसरा चेक आणि मग एच४.

राहिली एकच कामाची चाल, ३. राजा ई२. चांगले खेळाडू ही शोधतात, कारण यात दुसरा चेक लगेच बसत नाही. पण इथेही ३... वजीर एच४ च खेळायचं. आता वजीर जी४ आणि वजीर ई४ अशा दोन चेकची धमकी आहे, आणि एक चेक बसला की दुसरा त्याच्या मागोमाग येतो:

४. घोडा एफ३ आला तर वजीर ई४ वर मारून चेक दोन. राजाला कुठेच जाता येत नाही कारण डी२ आणि ई१ दोन्ही बी४ च्या उंटाखाली आहेत, म्हणून मध्ये उंट ई३ घालावाच लागतो, आणि मग वजीर सी२ वरचं प्यादं मारतो, आडवा चेक, तिसरा.

४. एफ३ खेळून ई४ ला जोर दिला तर वजीर एफ२ ला, चेक दोन. राजाने वजीर मारला की बी४ चा उंट थेट ई१ ला जातो आणि एफ२ वरच्या राजाला तिसरा चेक. वजीर नाही, उंट पण पुढच्या चालीत जाणार, आणि तुम्ही जिंकलेले. या प्रकारातली ही सगळ्यात सुंदर ओळ आहे असं मला मनापासून वाटतं, एकदा तरी बोर्डवर लावून बघा.

४. राजा डी३ आला तर वजिराने ई४ मारायचं, राजा वजीर मारतो, आणि घोडा एफ६ ला येऊन तिसरा चेक.

४. घोडा सी३ खेळला तर ई४ ला जोर मिळतो म्हणून तिकडे जायचं नाही, वजीर जी४ ला न्यायचा, चेक दोन. एफ३ ने अडवलं तर वजीर जी२ वर मारून आडवा चेक. राजा ई१ ला परत गेला तर उंट सी३ वर मारून चेक. डी३ ला गेला तर वजिराने वजीर मारायचा, तोही चेकच.

म्हणजे १. ई४ ई६ नंतर २. डी४ हीच मुळात हरणारी चाल आहे, आणि नवीन खेळणाऱ्यांमध्ये ती सारखी खेळली जाते कारण नेहमीच्या बुद्धिबळात तीच सगळ्यात स्वाभाविक आहे. २. डी३ खेळला तरी उंट बी४ चालतो, अडवणाऱ्या प्रत्येक चालीला वरचाच इलाज आहे. फक्त तिथे ३. राजा ई२ आला तर लगेच वजीर बाहेर काढू नका, कारण डी३ चं प्यादं ई४ ला धरून ठेवतं. घोडा एफ६ खेळा आणि आरामात चला. एक चेक तुमच्या खात्यात आहे आणि त्याचा राजा ई२ वर अडकलेला आहे, त्याचाच उंट आणि वजीर त्याच्यामागे कोंडलेत.

१. डी४ ला पण ई६

इथे काळ्याला नवीन काही शिकायला लागत नाही, म्हणून मी नव्या लोकांना हीच एक चाल सांगतो. १. डी४ ई६, आणि पांढऱ्याने सवयीने २. सी४ खेळलं की उंट बी४, चेक एक. १. सी४ ई६ २. डी४ अशा उलट्या क्रमाने पण हीच पोझिशन येते, ते ओळखा. इथे सी-प्यादं पुढे गेलंय म्हणून सी३ ने अडवता येत नाही, काहीतरी मोहरं मध्ये घालावंच लागतं आणि ते तुम्ही मारता.

३. उंट डी२, उंटाने उंट मारला, चेक दोन. आता पांढरा कशाने मारतो त्यावर पुढची चाल ठरते, आणि इथे थोडं डोकं लावायचं. ई४ वर प्यादं नाहीये म्हणून एच४ ला गेल्यावर धमकी एकच, एफ२. पांढरा जी३ खेळून ती अडवतो. मग?

घोड्याने मारलं असेल तर तो घोडा डी२ वरून ई४ राखतोय, तिकडे जाऊ नका. ५... वजीर डी४ वरचं प्यादं मारतो आणि दोन धमक्या तयार: एफ२ वर आणि डी२ वर, दोन्ही चेक. ई३ खेळून एक अडवली तर दुसरी होते. वजिराने मारलं असेल तर डी४ ला हात लावायचा नाही कारण त्याचा वजीर समोर आहे आणि तो तुमचा मारेल. तिथे ५... वजीर ई४ खेळायचं. आता ई२ वरचं प्यादं मारून चेक आहे आणि बी१ वरचा घोडा मारून पण चेक आहे, कारण सी१ आणि डी१ दोन्ही रिकामी झालीत. घोडा सी३ ला काढला तर ई२ मारायचं, वजीर ई३ ला घालून अडवलं तर बी१ मारायचं. जी३ न खेळता राजा डी१ ला पळाला तर एफ२ चं प्यादं खायचं, त्यानंतर ई२ आणि एफ१ दोन्हीकडे चेक आहेत आणि एकदम दोन्ही बंद होत नाहीत.

३. घोडा सी३ खेळला तर पांढऱ्याचा बचाव जरा बरा आहे. उंटाने घोडा मारला, चेक दोन, बी-प्याद्याने परत मारलं, वजीर एच४, जी३, वजीर ई४. ई२ वर चेकची धमकी आहे आणि एच१ चा हत्ती पण मार्‍यात आहे. त्याला उंट ई३ ला घालावा लागतो आणि तुम्ही अख्खा हत्ती खाता, दोन चेक खात्यात ठेवून. यापुढे घाई करायची गरज नाही, मोहऱ्या बाहेर काढा आणि एका चेकची वाट बघा.

उंट द्यायचा की मागे घ्यायचा

इथेच नवीन लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणजे वरची ओळ दोनदा जमली की प्रत्येक डावात डोळे मिटून सी३ वर उंट टाकायला लागतात. उंट टाकायच्या आधी एकच गोष्ट बघा, एच४ चं घर कोण राखतंय. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर असेल तर वजीर एच४ ला जाताच मारला जातो आणि तिथे तो तिसरा चेक नसतो, नुसतीच धमकी असते, त्यामुळे उंट पण गेला वजीर पण गेला. पांढऱ्याचा काळ्या घरांचा उंट एफ४ वर असेल तरी सांभाळून, तो जी३ ला येऊन रस्ता अडवतो.

उदाहरणार्थ १. डी४ ई६ २. घोडा एफ३. उंट बी४ चेक द्या, तो चेक घ्यायचाच. ३. सी३ आलं तर उंट गपचूप ई७ ला मागे. एक चेक मिळाला, त्याच्या बदल्यात पांढऱ्याला एक चाल मिळाली, माझ्या मते हा सौदा काळ्याच्या फायद्याचा आहे. पण ३. उंट डी२ किंवा घोडा डी२ आलं तर मारा, कारण तिथे काही द्यावं लागत नाही, मोहऱ्याला मोहरं आणि वर दुसरा चेक. म्हणजे बी४ च्या चेकला मोहऱ्याने अडवलं तर नेहमी मारायचं, प्याद्याने अडवलं तर एच४ बघून ठरवायचं. हे एक वाक्य पाठ करा, बाकीचं बोर्डवर सापडतं.

पांढरा नीट खेळला तर

१. ई४ ई६ २. घोडा एफ३ ही पांढऱ्याची समजूतदार चाल आहे, एच४ आधीच बंद. मी इथे घोडा एफ६ खेळतो, ई४ वर हल्ला. ३. ई५ घोडा डी५ ४. डी४ आलं की परत उंट बी४ चा चेक आहेच, सी३ ला उंट ई७. आता तुमच्याकडे एक चेक आहे आणि पांढऱ्याकडे जागा जास्त आहे. डाव लांबणार, आणि यापुढे तुम्हाला दोन धोके माहीत असायलाच पाहिजेत.

एक मघाशी सांगितला तोच, डी७ चं प्यादं. राजा ई८ वर आहे तोपर्यंत डी६ किंवा डी५ खेळलात की उंट बी५ चा चेक येतो, आणि सी६ ने अडवलं तर तो उंट सी६ वर मारून दुसरा पण देतो, म्हणजे तुमचंच हत्यार तुमच्यावर. आधी कॅसलिंग, मग डी-प्यादं.

दुसरा धोका कॅसलिंग झाल्यावरचा. पांढऱ्याचं प्यादं ई५ वर, घोडा एफ३ वर, उंट डी३ वर आणि तुमचा घोडा एफ६ वर नाही, अशी पोझिशन आली तर उंट एच७ मारतो चेक एक, राजा मारतो, घोडा जी५ चेक दोन, आणि ई७ च्या उंटाने घोडा मारला तरी वजीर एच५ ला येऊन तिसरा. नेहमीच्या बुद्धिबळात या हल्ल्यात बरंच काही मोजावं लागतं, इथे तीन चाली मोजल्या की झालं. त्यामुळे कॅसलिंग केल्यावर उंट डी३ ला आला रे आला की लगेच एफ५ खेळा, तिरका रस्ता बंद. त्याने ई५ च्या प्याद्याने जाता जाता (आं पासां) एफ६ वर मारलं तर घोड्याने परत मारा, म्हणजे घोडा बरोबर एफ६ ला येऊन बसतो आणि एच७ राखतो. आणि उंट आधीच डी३ वर येऊन बसला असेल तर त्या बाजूला कॅसलिंग करूच नका. कॅसलिंगच्या आधी मात्र एफ-प्यादं हलवायचं नाही, एच५ वरून राजाला चेक बसतो.

२. घोडा सी३ आलं तर उंट बी४ खेळून थांबा. डी२ चं प्यादं जागेवर आहे तोवर चेक नाही, पण तो डी४ किंवा डी३ खेळला की सी३ वर मारून चेक मिळतो आणि त्याची प्यादी पण जोडीने बिघडतात. १. एफ४ सारख्या चालीला पण ई६, आणि पुढच्या चालीला त्याने घोडा एफ३ खेळून एच४ बंद केलं नाही तर वजीर एच४ चेक, जी३ ला वजीर ई७, एक चेक फुकट. १. जी३ किंवा १. बी३ वाले लोक हळू खेळतात, त्यांच्याशी ई६, घोडा एफ६, उंट ई७, कॅसलिंग, आणि डी-प्यादं कधी हलतंय त्याकडे लक्ष.

मोजायची पद्धत

दोघांचेही दोन-दोन चेक झाले असतील तर मोहऱ्यांची गणती पूर्ण विसरा आणि फक्त चाल कुणाची आहे ते बघा. तुमची असेल तर पटावरचा प्रत्येक शक्य चेक शोधा, वजीर फुकट जाणारा, उंट फुकट जाणारा, सगळे, एक जरी असला तरी जिंकलात. मी क्रम ठरवून घेतलाय, आधी वजिराच्या चाली बघायच्या, मग घोड्याच्या, मग उंट आणि हत्ती, आणि शेवटी एखादं मोहरं बाजूला झाल्यावर मागच्याचा चेक उघडतो का ते. घोड्याचे चेक सगळ्यात जास्त सुटतात कारण ते मध्ये काही घालून अडवता येत नाहीत आणि डोळ्यालाही पटकन दिसत नाहीत.

त्याचे दोन आणि तुमचा एक असेल तर तुमचा पुढचा चेक म्हणजे बचाव पण आहे. चेक बसल्यावर त्याला आधी तो सोडवावा लागतो, त्याचा हल्ला एक चाल थांबतो, आणि तो तुमच्या चेकला मोहरं मध्ये घालून उलट चेक देऊ शकतो का एवढं फक्त तपासायचं. हे न बघता चेक दिल्यामुळे हातातला डाव गेलेले खूप लोक मी पाहिलेत.

सराव कसा करायचा

लिचेसवर विश्लेषणाच्या बोर्डला थ्री-चेक प्रकार निवडता येतो आणि तिथे फेअरी-स्टॉकफिश नावाचं इंजिन चालतं, ते चेकची गणती धरून चाल सांगतं. वरच्या ओळी तिथे लावा, मग पांढऱ्याच्या बाजूने स्वतः वेगळ्या चाली शोधून बघा की कुठे निसटता येतं का. विशेष करून १. ई४ ई६ २. डी४ उंट बी४ ३. राजा ई२ वजीर एच४ नंतरची पोझिशन, तिथे पांढऱ्याच्या जितक्या चाली सुचतील तितक्या लावा आणि प्रत्येकीला तिसरा चेक शोधा. त्या एका पोझिशनमध्ये वजीर, उंट आणि घोडा तिघांचेही चेक येतात, त्यामुळे डोळा लवकर तयार होतो.

सुरुवातीला एक-दोन मिनिटांचे डाव खेळू नका. पाच मिनिटं आणि वर चालीमागे तीन सेकंद असा वेळ घ्या, कारण या खेळात पहिल्या आठ चालींतच सगळा विचार लागतो, पुढे घड्याळात वेळ उरतोच. आणि बोर्डशेजारी चेकचा आकडा दिसत असतो, प्रत्येक चालीआधी तो बघायचा, तुमचा आणि त्याचा दोन्ही.